ताईची चहागाडी

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी एक मूर्खपणा केला. माझे मूर्खपणे मोजणं बायकोनं केव्हाच सोडून दिलंय, पण ह्याचा वास घरभर पसरला, म्हणून लपवता आला नाही. बाबांनी हातानं बनवलेलं एक छोटं इंजिन आमच्या ट्रंकेत असतं. वीतभर लांब, पण उचलायला गेलं की हात खाली जातो, कारण पोटात शिसं ओतलेलं. माझी माय दरवर्षी पोळ्याला ते बाहेर काढून मातीच्या बैलांशेजारी मांडायची. माय गेल्या हिवाळ्यात गेली, तेव्हा यंदा ते काम माझ्याकडं आलं. मी नुसतं मांडून थांबायचं ना! पण मला वाटलं, चालवून बघू. टपावर वर्षानुवर्षांच्या हळदीचा पिवळा थर, चाकं मात्र गंजून लाल, हलेनात. मी बायकोच्या खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि चाकांवर सढळ हातानं ओतली. मग त्याच्यासोबत ट्रंकेत उरलेल्या हातभर रुळावर इंजिन ठेवलं, वायरी जोडल्या, आणि बटण दाबलं. चाकं गरगर फिरली. इंजिन तसूभर पुढं सरकलं नाही. तेलाचे शिंतोडे मात्र भिंतीवर, चष्म्यावर आणि नैवेद्यासाठी भिजवलेल्या डाळीत गेले.

माझी बायको शोभा ही संग्रामपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची; माझ्या मायला ती आत्याबाई म्हणायची आणि बाबांना मामाजी. तिकडं टोमणा सरळ मारतात, वळसे घालत नाहीत. ती दारात उभी राहून म्हणाली, “एवढं तेल चोपडलंच हाये, तं आता वेणीबी घालून द्या त्याची.”

मी हसलो. आणि हसता हसता खालीच बसलो, कारण ही चाकं अशी जागच्या जागी फिरताना मी पूर्वी एकदा पाहिली होती. ते आता लिहायला घेतलंय.

मेहकरला आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. तीन खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक. मेहकरला आगगाडी नव्हती, आजही नाही. ‘येणार येणार’ हे मात्र मी जन्मापासून ऐकतोय. पुढच्या खोलीत बाबांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान, मधल्या खोलीत आमचं झोपणं-बसणं, मागं सैपाकघर. शेतातल्या विहिरींवरच्या मोटरी जळाल्या की लोक त्या बैलगाडीत घालून, पोत्यात गुंडाळून, आजारी माणसासारख्या आमच्या दारात आणायचे. घराला कायम दोन वास असायचे. पुढून तांब्याच्या तारेवरच्या वार्निशचा, मागून भाकरीचा. दोन्ही मधल्या खोलीत येऊन भेटायचे. आवाजही तसेच. पुढं तार गुंडाळायच्या यंत्राची खरखर, मागं मायच्या बांगड्या आणि तव्यावरचं उलथनं. बाबा दिवसभर मान खाली घालून तार गुंडाळत आणि फार बोलत नसत. मायच्या मते लग्नात त्यांनी सगळे शब्द एकदम वापरून टाकले होते.

मधल्या खोलीत खाटेवर माझी मोठी बहीण असायची. नलूताई. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप खराब झाली, आणि विशीत येईपर्यंत तिला चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, उठायचं नाही, उचलायचं नाही, कुणी फार हसवायचंही नाही. शेवटची सूचना खास माझ्यासाठी होती असं ताई म्हणायची. मी तेव्हा कॉलेजात होतो. म्हणजे कॉलेजात माझं नाव होतं, मी स्वतः बसस्टँडवर असायचो.

ताई आजारी पडण्याआधी घरात तिचं एक काम ठरलेलं होतं. चार वाजता बाबांना चहा नेऊन द्यायचा. माय करायची, पण न्यायची ताई. पितळी पेला काठोकाठ भरलेला, आणि ती तो एक थेंब न सांडता, दोन उंबरे ओलांडून पुढं नेऊन ठेवायची. बाबा पहिला घोट घेईपर्यंत ती समोर उभी राहायची. बाबा ‘हं’ म्हणायचे. बापलेकीचं दिवसभराचं बोलणं तेवढंच, पण ते कधी चुकलं नाही. ती खाटेवर पडल्यावर चहा न्यायचं काम माझ्याकडं आलं. मी अर्धा चहा पेल्यात आणि अर्धा बशीत घेऊन पोचायचो. बाबा तो एरंडेल प्यायल्यासारखा प्यायचे. काही दिवसांनी त्यांनी चार वाजताचा चहाच बंद केला.

मायनं विचारलं, “काऊन जी? दूध बेकार हाये का?”

“चहा माह्या पोरीच्या हातचा पाह्यजे,” बाबा म्हणाले.

हे मधल्या खोलीत ऐकू गेलं. ताई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “मी कोणती पोरगी आता? ट्रंक हाये तशी मी हाये. मांडून ठेवेल सामान.”

बाबांच्या यंत्राची खरखर थांबली. पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

पुढच्या तपासणीला आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो, तेव्हा शहराजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. एक लांबलचक मालगाडी उभी होती. ताई खिडकीशी बसलेली. मालगाडी सुटली तेव्हा आधी नुसता खण् असा आवाज आला, मग पुढचा डबा, मग त्याच्या मागचा, एकेक कडी ताणली जात आवाज आमच्यासमोरून पार मागं गेला, आणि मग कुठं गाडी हलली. हलतेय की नाही असं वाटावं इतकी हळू. ताई बाबांना म्हणाली, “पाह्यलं बाबा? एवढं वजन, पण झटका नाही. एकेकाले हात धरून उठवलं त्यानं.” बाबांनी ‘हं’ केलं. मला वाटलं, झालं. पण बाबांचं ‘हं’ कुठं जाऊन पोचेल हे सांगता येत नसे.

परतल्यावर त्यांनी गिऱ्हाइकांच्या मोटरी बाजूला सारून इंजिन करायला घेतलं. सैपाकघरापासून, ताईच्या खाटेजवळून, थेट दुकानापर्यंत लोखंडी पट्टीचे रूळ. इंजिनामागं कड्यांनी जोडलेले चपटे डबे, त्यांवर माय चहाचा पेला ठेवणार, आणि गाडी चालवायची किल्ली ताईच्या खाटेवर. पहिलं इंजिन त्यांनी टेपरेकॉर्डरच्या मोटरवर केलं. ते उभं राहायचं किंवा पळायचं, मधलं काही त्याला ठाऊकच नव्हतं. ताईनं किल्ली जरा फिरवली की काही होत नसे, आणखी जरा फिरवली की ते उधळलेल्या गोऱ्ह्यासारखं सुटायचं आणि चहा माझ्या पायावर. रूळ मी घातले होते, त्यामुळं दोष रुळांचा निघाला.

मग बाबांनी आपली विद्या काढली. मोटरीची बारीक तार स्वतः गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. जुन्या टेबलफॅनची मान फिरवणारं दातेरी चाक काढून इंजिनात बसवलं, म्हणजे आत मोटर जोरात फिरली तरी बाहेरची चाकं सावकाश फिरणार. आता हळू चालायला लागलं, पण उंबऱ्यावर घातलेल्या लाकडी चढावर येऊन जागच्या जागी चाकं फिरवायचं. बाबांनी शिसं वितळवून पोटात ओतलं. वजन कमी पडलं तर चाक घसरायचं, जास्त झालं तर मोटर तापून वार्निशचा वास यायचा, आणि हा वास आमच्या घरात कुणालाही झोपेतसुद्धा ओळखता यायचा. शेवटी सायकलच्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापून मागच्या चाकांवर चढवल्या. रबरानं रूळ धरला. इंजिन भरल्या पेल्यासकट चढ चढलं, वर क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं, आणि पलीकडं उतरलं.

त्या दिवशी चार वाजता ताई खाटेवर उशीला टेकून बसली. केस विंचरलेले, जणू कुणाच्या घरी जायचंय. मायनं पेला ठेवला. ताईनं किल्ली इतकी सावकाश फिरवली की मला वाटलं ती झोपली. कड्या ताणल्या गेल्या. गाडी हलली. काठोकाठ भरलेला चहा नुसता थरथरला. मध्ये मी म्हणालो, “ताई, जोरात जाऊ दे ना बे!” तर म्हणाली, “चूप राह्य. जोरात तं कोणीबी जाते.” गाडी पडदा ओलांडून दुकानात गेली. आम्ही सगळे कान देऊन. मग बाबांचा आवाज आला, “हं.” ताई दोन्ही हातांनी तोंड दाबून हसली. डॉक्टरांनी हसू नको म्हटलं होतं, पण ते सांगायला त्या वेळी कुणी पुढं आलं नाही.

मग रोज चार वाजता चहागाडी. मला किल्लीला हात लावू देत नसत. एकदा ताईचा डोळा लागला असताना मी लावला, तर पेला दुकानात न जाता भिंतीवर गेला. ताईनं हळूहळू वजन वाढवत नेलं. चहाबरोबर पाण्याचा तांब्या, मग दाण्याची वाटी, मग भाकर आणि मिरचीचा ठेचा. खाटेवर बसून ती बाबांचं अर्धं जेवण वाढायची. ‘सामान’ हा शब्द पुन्हा तिच्या तोंडून निघाला नाही. पोळा जवळ आला तसं तिनं जाहीर केलं, “सणाचं पूर्ण ताट मी नेईन. पुरणाच्या पोळीसकट. बाबा आधी मी वाढेल थे जेवतीन, मग तुमी सगळे.”

माझी माय बीबी गावाजवळच्या शेतकऱ्याची मुलगी. माहेरी बैल, आणि इथं आल्यावर फक्त जळलेल्या मोटरी. पोळ्याला ती मातीचे दोन बैल आणून कोपऱ्यात मांडायची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून दुखलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, शेकायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. माय मातीच्या बैलांनाही हे सगळं करायची. त्या वर्षी तिनं इंजिनही उचलून बैलांशेजारी ठेवलं. मी हसलो तर म्हणाली, “हसतो कायले? वजन ओढते ना? माह्या पोरीसाठी ओढते ना? मंग बैलच झाला थो.” मी बसस्टँडवर निघून गेलो. जाताना मागून तिचा आवाज ऐकला, अगदी माहेरच्या गोठ्यात असल्यासारखा: “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं घर पुरणाच्या वासानं भरलेलं. माय तव्यापुढं. बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, दुकानात पाटावर बसलेले. दुकान बंद असताना त्यांना त्या खोलीत काय करावं कळत नसे. मायनं ताट गाडीवर ठेवलं. पुरणपोळी, कढी, भजी, कुरडई, वर तुपाची वाटी. मला हाक आली म्हणून मी दाराशी उभा. ताईनं किल्ली फिरवली. चाकं फिरली. गाडी हलली नाही. तिनं किल्ली मागं घेतली, थांबली, पुन्हा आणखी सावकाश फिरवली. चाकं गरगर फिरत राहिली, जागच्या जागी, एखादा दाणा चक्कीत अडकल्यासारखा आवाज करत. मी म्हणालो, “ताट जड झालं. मी नेऊन देतो.”

“तू हात लावू नको,” ताई म्हणाली.

दुकानातून बाबांची हाक आली. “नलू? येऊन राह्यलं का पोरी?”

“येऊन राह्यलं बाबा,” ताई म्हणाली. आणि पाय खाली सोडून उठली.

माय पोळी उलटत होती, तिची पाठ होती. मी काहीतरी म्हणालो असेन, काय ते आठवत नाही. ताईनं ताट उचललं. एक हात भिंतीला. मधला उंबरा तिनं ओलांडला, पडदा बाजूला केला, आणि पूर्वी जशी पेला घेऊन उभी राहायची तशी बाबांपुढं जाऊन ताट ठेवलं. मग मोटरींच्या पोत्यावर टेकून बसली. ओठ निळसर झालेले, पण डोळे हसत होते. बाबा ताटाकडं बघत नव्हते. ती म्हणाली, “खा ना बाबा. गार होऊन राह्यली पोळी.” बाबांनी घास घेतला. मग ते म्हणाले, “हं.”

आम्ही दोघांनी तिला उचलून खाटेवर आणलं. मायनं तिचे तळवे चोळले, ती जरा शांत झाली. बाबांनी इंजिन उचलून दुकानात नेलं, मी मागोमाग गेलो. त्यांनी ते उलटं केलं, मागच्या चाकावरून बोट फिरवलं, आणि बोट नाकाशी नेलं. बोट पिवळं झालं होतं. हळद आणि लोणी. चाकावरच्या रबरात, रुळाला टेकणाऱ्या कडेवर, सगळीकडं. मायनं बैलाचा खांदा शोधला होता आणि तिला चाक सापडलं होतं. ओढतं तर तेच.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. हळूच म्हणाले, “मायले सांगायचं नाही. कधीच नाही.” मग रॉकेलच्या चिंधीनं चाकं पुसली, रबराच्या चकत्या काढून खिशात टाकल्या, आणि मोठ्यानं म्हणाले, “वायर तुटली होती! आतली वायर.”

माय दारात उभी होती. केव्हापासून, ते मी पाहिलं नव्हतं. “अस्सं का,” म्हणाली, आणि हात पुसत सैपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला अकोल्याला न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, झडप आधीच गेलेली होती, चार पावलांनी काही बिघडत नाही. मी आजही तसंच मानतो. पण माय ते मानणार नाही, हे बाबांना ठाऊक होतं, आणि म्हणून ती वायर तुटली.

ताई घरी आली ती दोन उशांना टेकूनच. बाबांनी चाकांवर नवं रबर चढवलं. चार वाजताची गाडी पुन्हा सुरू झाली, फक्त पेला आता अर्धाच भरायचा. ताईला एकच नाद लागला होता. तिनं बाबांना विचारलं, “बाबा, बंद न पडता हे जास्तीत जास्त किती हळू चालू शकते?” बाबा म्हणाले, “तू पाह्य चालवून.” मग ती रोज किल्ली थोडी मागं घ्यायची. शेवटी शेवटी गाडी चालताना दिसायचीच नाही. मी खाटेपाशी बसून बघायचो, पापणी लवायची, आणि इंजिन कुठंतरी केसभर पुढं असायचं. पण थांबलं कधी नाही. तेव्हा मला ती गंमत वाटायची. चहा दुकानात पोचेपर्यंत थंडगार, वर साय धरलेली. बाबा सायीसकट प्यायचे आणि ‘हं’ म्हणायचे, आणि इकडं ताई डोळे मिटायची. चहा गरम करून आणा, असं बाबा एकदाही म्हणाले नाहीत.

दसऱ्याआधी एका सकाळी ताई गेली. तेरावं झाल्यावर बाबांनी दुकान उघडलं. चार वाजता त्यांनी यंत्र थांबवून पडद्याखालच्या फटीकडं पाहिलं. मायनं स्वतः पेला नेऊन दिला, आणि पहिला घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली. ‘हं’ मात्र आलं नाही. रूळ बरेच दिवस तसेच होते, आम्ही ते ओलांडून जायचो. पुढं केव्हातरी बाबांनी ते उचलले. इंजिन मात्र मायनं ट्रंकेत ठेवलं आणि दर पोळ्याला काढत राहिली. ती त्याला हळद-लोणी लावायला बसली की बाबा उठून बाहेर जायचे, आणि मीही. बिचारीला माहीत नाही, असं आम्हा दोघांच्या मनात असायचं. बाबा गेले तेव्हा हे गुपित एकट्याच्या अंगावर आलं, आणि सांगतो, ते इंजिनापेक्षा जड होतं.

तर यंदा खोबरेल तेलाच्या थारोळ्यात बसून मी हे सगळं शोभाला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे तिला कधी सांगितलं नव्हतं. ती माझ्या शेजारी खाली बसली. पदरानं इंजिनाची चाकं पुसू लागली, एकेक करून, सावकाश. मी म्हणालो, “बरं झालं, मायले शेवटपर्यंत समजलं नाही.”

तिनं मान वर केली नाही. खांदशेकणीसाठी काढलेल्या लोण्याच्या वाटीत बोट बुडवलं, आणि ते इंजिनाच्या टपावर, त्या पिवळ्या थरावर फिरवलं.

“माह्या पहिल्याच पोळ्याले आत्याबाईनं मले जवळ बसवून शिकवलं होतं,” ती म्हणाली. “‘टपाले लाव सुने, चाकाले लावू नको. म्या एकडाव लावलं होतं. अन् तुह्या मामाजीसमोर बोलू नको हे. त्यायले वाटते, मले माहीत नाही.’”